दहापासून उलट मोजणाऱ्या टिपणीसबाई

टिपणीसबाई कोणाच्याही घरी गेल्या, की चपला काढायच्या आधी घरातल्या बाईला विचारत, “शेवटचं कधी खाल्लंत?”

नवीन माणसाला वाटे, केवढी माया. काहींना वाटे, ह्या जेवायला आलेल्या दिसतात, आणि त्या लगबगीने कुकर चढवत. खरं तर दोन्ही नव्हतं. बाई भूल देणाऱ्या डॉक्टर होत्या. तीस वर्षं इंग्लंडातल्या हॉस्पिटलांत त्यांनी माणसांना पहिला प्रश्न हाच विचारला होता, आणि रिटायर झाल्यावरही तो त्यांच्या जिभेवरून उतरला नाही.

दुसरी खोड माणसाच्या मानेकडे बघायची. ईलिंगला एका लग्नात सगळे नवरदेवाच्या उंचीचं कौतुक करत होते. बाई बराच वेळ बघून म्हणाल्या, “मुलगा चांगला आहे, पण मान आखूड आणि हनुवटी मागे. ह्याला भूल देताना श्वासाची नळी घालायची वेळ आली तर घालणाऱ्याला घाम फुटेल.” मुलीची आई शेजारच्याच खुर्चीत बसलेली. ती पुढे दोन महिने बाईंशी बोलत नव्हती. बाईंना ते कळलंही नाही. त्यांच्या मते त्यांनी स्थळाची माहिती दिली होती.

माझी आणि त्यांची गाठ चौऱ्याऐंशी सालच्या हिवाळ्यात पडली, आणि ती मी आडवी असताना पडली. लग्न होऊन मी ईलिंगला आले त्याला सहा महिने झाले होते. शिक्षण आठवी, देवगडजवळच्या शाळेतलं. नववीची पुस्तकं आणली होती, कव्हरंही घातली होती, पण आई अंथरुणाला खिळली आणि ती तशीच धाकट्या भावाला गेली. इंग्रजी येत होतं ते ‘प्लीज’ आणि ‘सॉरी’ एवढं. अशात अपेंडिक्स फुटायच्या बेताला आलं. ह्यांना दाराबाहेर थांबवलं आणि मला ढकलगाडीवरून एका छोट्या खोलीत नेलं. सगळ्यांची तोंडं झाकलेली. मी इतकी थरथरत होते की गाडीच्या कड्या वाजत होत्या. परक्या देशात, नाव गाव कोणाला सांगता न येता आपण मरणार, अशी माझी पक्की खात्री झाली होती.

तेवढ्यात एका झाकलेल्या तोंडातून आवाज आला, “गाव कुठलं गं तुझं?”

“देवगड,” म्हटलं आणि मी रडायलाच लागले. बाई म्हणाल्या, “रड, पण वर बघून रड. वर काय आहे सांग.”

छताला एक चित्र चिकटवलेलं होतं. कॅलेंडरचं पान. जमिनीवर उताणं पडून कोणी तरी काढलेला फोटो होता तो. चहूकडून लालसर बुंधे वर वर जाताहेत, जातच आहेत, आणि मधोमध बशीएवढं आभाळ. मी म्हटलं, “झाडं.”

“अमेरिकेतली आहेत. रेडवूड. तुमच्या देवगडचे चार माड एकावर एक उभे केलेस तरी शेंड्याला हात लागायचा नाही. आता नजर खालून वर ने आणि दहापासून उलट मोज.”

मी सातापर्यंत गेले असं त्यांनी नंतर सांगितलं.

जाग आली तेव्हा त्या शेजारी स्टुलावर बसल्या होत्या. त्यांची ड्युटी केव्हाच संपली होती, अंगावर कोट होता, मांडीवर पर्स. मी डोळे उघडल्यावर त्यांनी घड्याळ बघितलं, मान हलवली आणि घरी गेल्या. हे माझ्यापुरतं खास नव्हतं. ज्याला भाषा येत नाही, त्याने डोळे उघडताना कळेल अशा भाषेतला एक तरी चेहरा समोर असावा, हा त्यांचा नियम होता. मराठी, हिंदी, गुजराती त्यांना येतच होतं. एका पोलिश म्हातारबाबांसाठी त्या चार वाक्यं पाठ करून बसल्या होत्या. “झोपवणारे पुष्कळ असतात शालन,” त्या म्हणायच्या, “माणूस जागा करता आला पाहिजे.”

ते चित्र त्यांनी स्वतः लावलेलं. वर्गातली एक मैत्रीण कॅलिफोर्नियात होती, तिने पाठवलेलं. रोगी उताणा असतो, त्याला छताशिवाय काही दिसत नाही, आणि हॉस्पिटलवाले छत सोडून सगळं रंगवतात, ही त्यांची तक्रार. मेट्रनने चित्रावर धूळ बसते म्हणून हरकत घेतली. बाईंनी ते प्लॅस्टिकमध्ये घालून पुन्हा लावलं आणि दर सोमवारी शिडीवर चढून स्वतः पुसलं. हजारो माणसं त्या झाडांच्या बुंध्याशी झोपी गेली. कोणी आठाला गेलं, कोणी सहाला. “शेंड्यापर्यंत कोणी पोचलं नाही,” बाई म्हणत. “मी मात्र जाणार. रिटायर झाले की पहिलं तिकीट कॅलिफोर्नियाचं.”

त्यांनीच मला हॉस्पिटलच्या किचनमध्ये चिकटवलं. गुरुवारी संध्याकाळी स्टॅनमोरच्या त्यांच्या घरी इंग्रजीला बसवलं. आणि त्यांनीच मला गाडी शिकायला लावली. मी नको नको म्हणत होते. माझा स्वभाव असा, की बसमध्ये बसले तरी ती चुकीची असेल म्हणून अर्धा रस्ता उभी राहणारी. चार वेळा नापास झाले. चौथ्या वेळी परीक्षकच मला धीर देत होता. पाचव्यांदा पास झाले आणि लायसन्स पोस्टाने आलं, त्याच महिन्यात बाईंनी आपलं लायसन्स पोस्टाने परत पाठवलं.

रिटायर झाल्या तरी कॅलिफोर्नियाचं तिकीट काढायचं राहिलं होतं, आणि आता त्यांच्या डोळ्यांचा मधला भाग चालला होता. पडद्याच्या मध्यावर काही तरी होतं, तिथली नजर जाते, कडेची राहते. त्या काळी त्यावर उपाय नव्हता, हे त्यांना माझ्यापेक्षा चांगलं माहीत होतं. “समोर उभी राहिलीस तर तुझ्या जागी राखाडी डाग,” त्यांनी साध्या आवाजात सांगितलं. “बाजूला सरक. हां, आता कान दिसला.” डाग वाढतोय, वर्षभरात झाडाला झाड म्हणून ओळखता येईल की नाही सांगता येत नाही, असं तपासणाऱ्या डॉक्टरने सांगितलं होतं. कॅलिफोर्नियाला नेणारं कोणी नव्हतं. लग्न त्यांनी केलं नव्हतं. ती मैत्रीणही आता राहिली नव्हती.

पण बाई स्वस्थ बसणाऱ्यातल्या नव्हेत. भिंग घेऊन त्यांनी लायब्ररीतून शोध काढला, की वेल्समध्ये, इंग्लंडची हद्द ओलांडली की लगेच, वेल्शपूलजवळच्या टेकडीवर ह्याच झाडांची एक राई आहे. शंभराहून जास्त वर्षांपूर्वी कोण्या जमीनदाराने लावलेली. “अमेरिकेतल्यांची नातवंडं असतील,” त्या म्हणाल्या, “पण घराणं तेच.” आणि मग माझ्या कानाकडे बघत, “तू नेणार आहेस.”

मी तोवर घर ते हॉस्पिटल आणि घर ते वाणी एवढीच गाडी चालवली होती. मोटरवे मी टीव्हीवर बघितला होता.

त्यांचा भाचा निखिल मेडनहेडला कॉम्प्युटरच्या कंपनीत. इथेच जन्मलेला, स्वभावाने चांगला, पण सगळ्याला सेफ्टी. त्याने मावशीला व्हिडिओ कॅसेट आणून दिली, जंगलांची, मोठ्या टीव्हीवर बघायला. “मावशी, तू ऐकत नाही. शालनमावशीचा गाडी छोटी आहे, आणि शी हॅज ओन्ली जस्ट पास्ड. मी ऑगस्टमध्ये घेऊन जाईन, प्रॉमिस.”

बाई म्हणाल्या, “ऑगस्टमध्ये तू मला दाराच्या चौकटीपाशी नेऊन हेच झाड म्हणालास तरी मला पटेल. जूनमध्ये जायचं.”

जूनमधला माझ्या सुट्टीचा एकच रविवार जमत होता आणि त्या दिवशी वटपौर्णिमा. आता वडाचं आमच्याकडे असं, की ईलिंगला वड कुठला? आम्ही सात-आठ जणी एकीच्या दिवाणखान्यातल्या कुंडीतल्या रबराच्या झाडाला सूत गुंडाळत होतो. मागच्या वर्षी पाचव्या फेरीला कुंडी आडवी झाली आणि गालिच्यावर माती पसरली. यजमानीणबाईंचा नवरा व्हॅक्युम क्लीनर घेऊन मागे उभा, आणि त्याच्याच सात जन्मांसाठी आमच्या फेऱ्या चाललेल्या. मी बाईंना चाचरत सांगितलं, की माझी पूजा चुकेल. बाई म्हणाल्या, “सूत बरोबर घे. गुंडाळायच्या लायकीचं झाड मी दाखवते.”

सकाळी सातला निघालो. बाईंनी आठवडाभर भिंगातून नकाशा पाठ केला होता. मांडीवर हात ठेवून, समोर न बघता, त्या रस्ता म्हणत होत्या, जशी कोणी आरती म्हणावी. एम-वनच्या तोंडाशी आलो. डावीकडून ट्रक जाताहेत, उजवीकडून ट्रक जाताहेत असं मला वाटायला लागलं, खरं तर सगळे उजवीकडूनच जात होते. माझा पाय ब्रेकवर आला. मागच्याने हॉर्न दिला.

“पाय वाढव,” बाई शांतपणे म्हणाल्या. “आरशात बघ. दहापासून उलट मोज. एकला आत शिरायचं.”

मी मोजलं. मोठ्याने मोजलं. एक म्हटलं तेव्हा दोन ट्रकांच्या मध्ये होते आणि जिवंत होते.

“शाब्बास,” बाई म्हणाल्या. “आजवर माझ्यासमोर मोजणारी तूच पहिली, जी मोजता मोजता जागी झाली.”

बर्मिंगहॅमच्या पुढे चहाला थांबलो तेव्हा त्यांनी नेहमीचा प्रश्न विचारला. मी चहा ढवळत राहिले. त्यांच्या लक्षात आलं. वटपौर्णिमेचा उपास, मी काल रात्रीपासून काही खाल्लं नव्हतं. बाईंना इतकं चिडलेलं मी पूर्वी बघितलं नव्हतं.

“आयुष्यभर मी लोकांना उपाशी ठेवलं,” त्या म्हणाल्या, “पण त्यांना टेबलावर झोपायचं होतं, त्यांच्या हातात स्टीअरिंग नव्हतं.” त्यांनी पर्समधून खजूर काढले, केळं काढलं, आणि उपासाला चालतं ते सगळं माझ्या घशाखाली उतरेपर्यंत गाडीची किल्ली मुठीत धरून बसल्या.

श्रूसबरीला एका गोल चौकात मी अडकले. बाहेर पडायचा फाटा दिसे, पण तिथे पोचेपर्यंत डावीकडची गाडी आडवी येई, आणि मी पुन्हा गोल. एकदा, दोनदा, तीनदा. चौथ्यांदा फिरायला लागले तेव्हा बाई म्हणाल्या, “आज फेऱ्या तशाही घालायच्याच आहेत तुला, पण झाड पुढे आहे.” मला हसू फुटलं आणि त्या हसण्यातच बाहेर पडले.

राई टेकडीवर होती. गाडी खाली ठेवून चढायचं होतं. बाईंनी माझा हात धरला नाही. म्हणाल्या, “तू पुढे चाल आणि तुझी ती लाल पिशवी उजव्या हातात धर. डागाच्या कडेने मला ती दिसते.” असे आम्ही चढलो, मी, पिशवी आणि मागे बाई. बरंच अंतर चालल्यावर पायाखालचा आवाज बंद झाला. जमीन गादीसारखी झाली. उजेड हिरवट, आणि गारवा. मी वर बघितलं आणि घाबरून खालीच बसले. छतावरचं चित्र होतं ते. फक्त आता ते सगळीकडून होतं.

बाई पहिल्या बुंध्यापाशी गेल्या आणि त्यांनी दोन्ही तळवे टेकवले. साल दाबली की आत जात होती. मीही हात लावला आणि तोंडातून आपसूक निघालं, “अहो, हे तर नारळाचं सोडण.” अगदी तसंच. तंतू तंतू, कोरडं, उबदार. पाच हजार मैलांवरून आलेलं झाड आणि हाताला आमच्या पडवीतला सोललेल्या नारळांच्या सोडणांचा ढीग.

मी हळदकुंकू वाहिलं, सूत काढलं आणि फेऱ्या सुरू केल्या. एकेक फेरी म्हणजे चालणं होतं, रबराच्या झाडाभोवतीची गिरकी नव्हे. सातवी संपते न संपते तोच राईची देखभाल करणारा माणूस आला. उंच, साठीचा, पायात चिखलाचे बूट. मी गारठले. बाईंनी त्याला सांगितलं, की ही सात जन्म हाच नवरा मिळावा म्हणून मागणं मागते आहे.

त्याने सुताकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. “त्याला हे माहीत आहे का?” त्याने विचारलं.

“त्याला सांगायची पद्धत नाही,” बाई म्हणाल्या.

तो हसला, पण मग अवघडून म्हणाला, की सूत ठेवता येणार नाही. ह्या सालीत एक चिमणीहून लहान पक्षी खळगा करून झोपतो. त्याचा पाय अडकेल.

वडाला बांधलेलं सूत सोडायचं? ते आपलं आपण गळून जावं, कोणी सोडत नाही. घरी काय होईल, ह्यांचं काय होईल, एअरपोर्टवर सामान चढवतात ते, कधी काय पडेल. माझ्या डोक्यात लगेच सगळं सुरू झालं. मी बाईंना मराठीत म्हटलं, “मी नाही सोडणार. वाईट असतं ते.”

बाई म्हणाल्या, “पाखराचा पाय गुंतवून मागितलेला नवरा तुला सुखाने लाभेल?”

मी सुताचं टोक मुठीत घट्ट धरलं.

“शालन, उलट फिरायचं आणि उलट मोजायचं. सात, सहा, पाच. माणसांना उलट मोजायला लावण्यातच माझा जन्म गेला. त्याने कोणाचं वाईट झालेलं मी पाहिलं नाही. उठून घरी गेली सगळी.”

मग मी उलट फिरले. त्या मोजत होत्या, आणि तो वेल्श माणूस टोपी हातात घेऊन बाजूला उभा होता, चर्चमध्ये उभं राहावं तसा. एक झालं. सूत माझ्या हातात आलं. बाईंनी एक फेरी मात्र पुन्हा घालायला लावली, दोन्ही टोकं जिथे मिळाली तिथे तोडायला सांगितलं, आणि तो तुकडा गुंडाळून पर्सच्या आतल्या कप्प्यात ठेवला. “मला अख्खं झाड दिसत नाही,” त्या म्हणाल्या, “पण त्याचं माप आता माझ्याजवळ आहे.”

त्यानंतर त्यांनी रेनकोट जमिनीवर पसरला आणि कोणाला काही कळायच्या आत त्यावर उताण्या झोपल्या. वय तेव्हा सत्तरीला टेकलेलं. मी धावले. हाताने त्यांनी मला थांबवलं. बराच वेळ त्या नुसत्या वर बघत होत्या. मला रडू येत होतं, कारण मला वाटलं, एवढ्या लांब आणून बाईंना दिसला तो डागच.

“इकडे ये, माझ्या शेजारी पड,” त्या म्हणाल्या. “मधोमध काय आहे?”

मी पडले. बघितलं. “काही नाही बाई. आभाळ.”

“बघ. मध्ये काही नाहीच. जे आहे ते सगळं कडेला आहे.” आवाज इतका चढला होता की तो माणूस वळून बघायला लागला. “मला सगळी झाडं दिसताहेत शालन. एकूण एक. शेंड्यापर्यंत. ज्याने हे लावलं त्याने माझ्या डोळ्यांच्या मापाने लावलं.”

आणि त्यांनी मोजायला सुरुवात केली. दहा. नऊ. आठ. प्रत्येक आकड्याला नजर थोडी वर. सातावर क्षणभर थांबल्या, मला वाटतं माझी गंमत म्हणून. पाच. चार. बाजूला उभा तो माणूस, शेजारी मी, आणि इतकी शांतता की त्यांच्या ओठांचा आवाज येत होता. दोन म्हटल्यावर त्यांनी मोठा श्वास घेतला.

“एक,” त्या म्हणाल्या, आणि हसायला लागल्या. एवढी मोठी डॉक्टर, पाठीखाली रेनकोट, केसांत पालापाचोळा, आणि हसणं थांबेना. “पोचले ग बाई. पहिली मीच पोचले.”

परतीच्या वाटेवर श्रूसबरीच्या चौकातून मी एका फेरीत बाहेर पडले. बाईंनी निखिलला फोनवर काय सांगितलं मला माहीत नाही, पण पुढच्या रविवारी तो बायकोला आणि मुलांना घेऊन त्या राईत जाऊन आला. ह्यांना मी सुताचं सगळं सांगितलं. हे म्हणाले, “उलटे मोजलेस तर मग आता सात जन्म मागचे धरायचे की काय?” एवढंच. सामान काही पडलं नाही.

पुढे बाईंची कडेची नजरही मंद झाली. सत्त्याण्णव साली त्या स्टॅनमोरच्याच एका वृद्धांच्या होममध्ये राहायला गेल्या. स्वतः चौकशा करून, स्वतः खोली निवडून, खिडकीबाहेर कुठलं झाड आहे हे आधी विचारून. मी रविवारी डबा घेऊन जायची. आता मोटरवेने जावं लागलं तरी माझा घाम निघत नव्हता.

त्यांची डोळ्यांपुढे राहिलेली आठवण त्या होमच्या हॉलमधली आहे. मी दारात पोचले तर गालिच्यावर ते सूत गोल मांडलेलं. त्याच्या आत आठ-नऊ म्हातारे-म्हाताऱ्या दाटीवाटीने उभे, कोणी वॉकर धरून, एक जण केअररचा दंड धरून. बाई रिंगणाच्या कडेवर, हातातली काठी मास्तरणीसारखी उचललेली. हे एवढं जाड झाड मी पाहिलंय, त्यात तुम्ही सगळे मावता, असं त्या इंग्रजीत सांगत होत्या. कोणी तरी म्हणालं, खोटं. बाईंनी काठी आपटली. “वर बघा,” त्या म्हणाल्या, “आणि दहापासून उलट मोजा. झोपायचं नाही.”

सगळ्यांनी माना वर केल्या. त्या बिनरंगाच्या छताकडे. वेडेवाकडे आवाज, कोणी पुढे, कोणी मागे.

माझ्या पावलांचा आवाज त्यांनी ओळखला असावा. न वळताच विचारलं, “शालन, शेवटचं कधी खाल्लंस?”

“घरून जेवूनच निघाले, बाई.”

“मग ये. एकीपुरती जागा आहे.”

मी डबा दाराशी ठेवला, सूत ओलांडून आत गेले आणि वर बघितलं.